न लागलेली नोकरी

समोरच्या काकू स्टूल मागायला आल्या आणि त्यांना आतल्या खोलीतल्या पलंगाच्या टोकाशी दोन तळवे दिसले. एरवी ते दिसले नसते, पण त्या दिवशी आईने दारावरचा पडदा धुवायला काढला होता. अकरा वाजून गेले होते. सगळी इमारत कधीच कामाला लागली होती आणि ते दोन तळवे मात्र एकमेकांना टेकून निवांत पडले होते.

"बरं नाही वाटतं त्याला?" काकूंनी मान लांब करून विचारलं.

'हो, ताप आहे,' असं आईला म्हणता आलं असतं. पण आदल्याच संध्याकाळी तो बिस्किटांचा अख्खा पुडा खात जिना चढताना काकूंना दिसला होता, आणि तापाचं माणूस असं खात नाही. मागच्या महिन्यात डोकेदुखी वापरून झाली होती, त्याआधी पोट. पोरगा एवढा आजारी असतो तर एकदा नीट तपासून घ्या, असा सल्लाही काकू देऊन गेल्या होत्या. थोडक्यात, आईजवळची दुखणी संपली होती. म्हणून तिच्या तोंडून निघून गेलं, "रात्रपाळी असते ना त्याची."

"अगंबाई! नोकरी लागली?"

"लागली म्हणजे... हो."

"आणि मी इथे केवढ्याने बोलतेय!" काकू कुजबुजल्या, आणि स्टूल छातीशी धरून चवड्यांवर चालत निघून गेल्या.

ज्याचे ते तळवे होते त्याला घरात 'राजे' म्हणत. हे नाव बाबांनी ठेवलं होतं आणि ते काही लाडाने ठेवलं नव्हतं. "उठले का राजे?" "जेवले का राजे?" असे बाबा रोज आईला विचारायचे. राजेचं वय सव्वीस. पदवी घेतल्यावर पहिली दोन वर्षं तो रोज बूट पुसून बाहेर पडायचा, मुलाखती द्यायचा. ते लोक 'कळवतो' म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. बोलावणी यायची थांबली तसं बूट पुसणं थांबलं, मग अर्ज पाठवणं थांबलं, मग जाहिराती वाचणंही. बेकार माणसाची एक सोय असते, त्याला 'शोधतोय' म्हणता येतं. राजे शोधतही नव्हता. काम करणारे आणि काम शोधणारे असे माणसांचे दोनच ढीग असतात असं जग धरून चालतं; हा दोन्ही ढिगांच्या मधल्या फटीत पडला होता आणि तिथे वाकून बघायला कुणालाच वेळ नव्हता. "खायला काळ आणि भुईला भार," असं बाबा म्हणायचे. हळू म्हणायचे, पण घर दोन खोल्यांचं होतं.

आणि हेसुद्धा ते आईलाच म्हणायचे. बाप-लेकाचं थेट बोलणं बंद होऊन दोन वर्षं होत आली होती. भांडण असं काही झालं नव्हतं. एकदा बाबांनी "आज कुठे गेला होतास?" असं विचारलं, तो "कुठेच नाही" म्हणाला, आणि त्यानंतर दोघांनाही एकमेकांना विचारण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हापासून सगळा कारभार आईमार्फत चाले.

"त्याला सांग, पंखा बंद कर म्हणावं," बाबा म्हणत. तो तिथेच, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर उभा असे.

"अरे, पंखा बंद कर म्हणतात."

"त्यांना सांग, गरम होतंय."

"अहो, त्याला गरम होतंय."

पंखा चालू राही आणि दोघांच्या मधे उभी राहून आई घामाघूम होई.

तर काकू गेल्यावर आईने आत जाऊन राजेला हलवलं. "ऊठ. तुला नोकरी लागलीये."

राजे डोळे चोळत उठून बसला. "कुठे?"

"ते अजून ठरलं नाही."

तिने झालेला प्रकार सांगितला. राजे हसला. खूप दिवसांनी हसला, म्हणून तीही हसली. चार दिवसांनी 'जमलं नाही, सोडली' म्हणून सांगायचं आणि विषय मिटवायचा, असं दोघांचं ठरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ही मूठ त्यांच्या हातात राहिली असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

बाबा कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. दिवसभर उभं राहून कापडाच्या थप्प्या कापायच्या, आणि संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन जिना चढायचा. प्रत्येक मजल्यावर ते दम खायला थांबत. त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर त्यांना काकूंनी गाठलं.

"अभिनंदन हो भाऊजी! आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीत!"

"कशाचं?"

"घ्या! मुलाला नोकरी लागली, रात्रपाळीची, आणि बापच विचारतोय कशाचं!"

आपल्या घरातली बातमी आपल्याला शेजारणीकडून कळते, हे जिन्यात उभं राहून कबूल करण्याइतके बाबा खचले नव्हते. "हां, ते होय," ते म्हणाले. "म्हटलं, जरा पक्कं होऊ दे." आणि उरलेला जिना ते मधे कुठेही न थांबता चढले.

घरात आल्यावर त्यांनी आईकडे पाहिलं. "अगं, त्या काकू म्हणत होत्या... रात्रपाळी वगैरे?"

आईने खरं सांगायला तोंड उघडलंच होतं. पण तिने त्यांचा चेहरा पाहिला. लग्नाच्या वेळी जो चेहरा तिने पाहिला होता तो कुठेतरी हरवला, असंच ती इतकी वर्षं समजत होती. तो हरवला नव्हता. दारात उभा होता, पिशवी हातात घेऊन, उत्तराची वाट बघत.

"हं," आई म्हणाली.

"चांगलं आहे," बाबा म्हणाले. बाकी काही विचारलं नाही. ज्या मुलाशी बोलत नाही त्याच्या नोकरीची चौकशी करायची तरी कशी? जेवण झाल्यावर त्यांनी तेलाची बाटली घेतली आणि आतल्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्यांत एक एक थेंब सोडला. "दिवसा कुरकुरतं हे. झोपमोड होते," ते स्वतःशीच म्हणाले. आई ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली आणि रडली. खोटं बोलल्याचं तिला रडू आलं नव्हतं. खरं असतं तर किती बरं झालं असतं, याचं आलं होतं.

असं म्हणतात की एक खोटं लपवायला शंभर बोलावी लागतात. आईचा अनुभव वेगळा होता. तिने एकच सांगितलं. उरलेली शेजाऱ्यांनी हौसेने पुरवली.

तळमजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत, त्यांना सगळे हेडसर म्हणत. आजकालच्या पोरांना कष्ट नकोत, हा त्यांचा आवडता विषय, आणि उदाहरणादाखल ते नेहमी वरच्या मजल्याकडे बोट दाखवत. त्यांनी आईला विचारलं, "कंपनीचं नाव काय म्हणालात?"

"परदेशी आहे. आपल्याला नाही म्हणता येत," आई म्हणाली.

"तरीच!" हेडसर लगेच उरलेल्यांना समजावू लागले. "तिकडे दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र. म्हणून रात्रपाळी. घरबसल्या, कॉम्प्युटरवर. हुशारच लागतात त्याला, ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही." अशा रीतीने कंपनीचा देश, कामाची पद्धत आणि राजेची पात्रता हेडसरांनीच ठरवून टाकली. आईने फक्त मान हलवली.

काकूंच्या घरी जुन्या फरश्या उखडायचं काम चाललं होतं. फरशीवाला मिस्त्री सकाळी हातोडा उचलायचा तो दुपारपर्यंत खाली ठेवायचा नाही. काकूंनी त्याला फर्मावलं, "समोरचा मुलगा रात्रभर काम करून झोपलेला असतो. चारच्या आधी ठोकाठोक नाही." आठवड्याचं काम दीड-दोन महिन्यांवर गेलं. मिस्त्री सकाळी यायचा, सिमेंट कालवायचा, चहा प्यायचा आणि समोरच्या बंद दाराकडे आदराने पाहत बसायचा. एका बेकार पोराच्या नोकरीमुळे दुसऱ्याला काम पुरत होतं. जगात असे हिशेब बरेच असतात, फक्त ते कुणी मांडत नाही.

राजेचे मात्र हाल सुरू झाले. दुपारी खाली जाऊन टपरीवर उभं राहणं, बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघणं, एवढीच त्याची दिनचर्या होती, ती गेली. रात्रभर खपणारा माणूस दुपारी टपरीवर कसा दिसेल? आणि रात्री दिवा चालू ठेवणं आलं, कारण समोरच्या खिडक्यांना डोळे होते. पहिल्या रात्री तो दिवा लावून सरळ झोपला. आईने त्याला हलवून उठवलं. "अरे, कामावर झोपतात का? बाहेर घोरणं ऐकू येतंय!"

"मी कामावर नाहीये, आई."

"ते तुला माहितीये नि मला. ह्यांना नाही."

"मग सांग ना त्यांना."

"तू सांग."

"आम्ही बोलत नाही," राजे म्हणाला, आणि उठून खुर्चीत बसला.

तो रोज रात्री तसाच बसू लागला. कॉलेजच्या वेळचा जुना कॉम्प्युटर समोर, वर दिवा. आई काही म्हणाली तरी त्याला वाटलं होतं, बाबांना सगळं ठाऊक आहे आणि ते मुद्दाम गप्प राहून आपली फजिती बघतायत. पण एका रात्री दाराबाहेर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. त्याने दार उघडलं. ते आता अजिबात कुरकुरत नव्हतं. उंबऱ्याशी थर्मास होता. आत चहा होता, आईच्या हातचा नव्हे, कारण त्यात साखर चमच्याने नव्हे तर मुठीने घातली होती. दुसऱ्या आठवड्यात खुर्चीवर पाठीला टेकायची उशी आली. कारखान्यात उरलेल्या तुकड्यांची, सुबक शिवण घातलेली, आणि माप इतकं अचूक की कंबरेच्या खोलगट जागी ती नेमकी बसली. बाबांनी त्याचं माप कधी घेतलं नव्हतं. दोन वर्षं न बोलता ते त्याला पाठमोरा पाहत आले होते, तेवढ्यावर शिवली होती.

राजे त्या उशीला टेकू शकला नाही. बराच वेळ तो ताठ बसून राहिला आणि त्याला कळलं की बाबा फजिती बघत नव्हते. बाबांनी विश्वास ठेवला होता.

"आई, हे वाईट झालं," सकाळी तो म्हणाला.

"हो रे," आई म्हणाली. "काल म्हणाले, 'त्याला सांग, पगार त्याचा त्याने ठेवावा. बापाला अजून हातपाय आहेत.' आणि परवापासून म्हणे कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटलेत." मग ती म्हणाली, "कामावरून येताना गुणगुणतात. आता कसं सांगू?"

जागायचंच आहे तर म्हणून राजेने पुन्हा अर्ज पाठवायला सुरुवात केली. हे त्याने आईलाही सांगितलं नाही, कारण सांगितलं की ती वाट बघत बसली असती. एका ठिकाणाहून विचारणा आली: मधली दोन वर्षं काय करत होतात? त्याने प्रामाणिकपणे 'काही नाही' असं लिहिलं. तिकडूनही मग काही आलं नाही. खोट्या नोकरीबद्दल त्याला स्वतःला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता, आणि खऱ्या नोकरीला खरं चालत नव्हतं.

हे असंच आणखी किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका शुक्रवारी काकू मिठाईचा पुडा घेऊन आल्या आणि आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं.

"वहिनी, एक काम आहे, नाही म्हणायचं नाही," काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. "माझा भाचा. तीन वर्षं झाली शिकून, घरात बसून असतो. बोलत नाही, जेवत नाही धड. बहीण माझी रडून अर्धी झालीये. तुमच्या राजेच्या कंपनीत चिकटवा ना त्याला. रविवारी सकाळी बोलावलंय मी त्याला, कागद घेऊन. राजेने नुसता एक शब्द टाकायचा."

काकू गेल्या. मिठाईचा पुडा टेबलावर राहिला. आईने त्याला हात लावला नाही आणि राजेनेही लावला नाही.

"आपल्या घरात आपण एकमेकांना फसवलं ते फसवलं," शेवटी आई म्हणाली. "दुसरीच्या पोराला कशी आशा लावायची? इस्त्रीचे कपडे घालून येईल तो."

"खरं सांगू या."

"ह्यांना?" आईने नुसतं तेवढंच विचारलं. मग आईने डोळे पुसले आणि एखादा डाग धुवायला घ्यावा तशा सुरात म्हणाली, "कंपनी बंद करू या."

"बंद?"

"आपलीच आहे ना? कधीही बंद करता येते."

शनिवारी दुपारी आईने काकूंना जिन्यात गाठलं आणि सांगितलं, कंपनी बंद पडली, सगळ्यांनाच काढलं. बाबांना तिने सांगितलं नाही. काकूंना सांगितलं म्हणजे बाबांना कळतं, हा मार्ग आता रुळलेला होता. संध्याकाळी बाबा जिना चढून आले ते प्रत्येक मजल्यावर थांबत आले. जेवायला बसले, अर्धं ताटात ठेवून उठले. राजेला वाटलं, आता ते आईमार्फत काहीतरी बोलतील. ते काहीच बोलले नाहीत.

सुटलो, असं आई आणि राजे दोघांनाही वाटलं. तसं वाटायला नको होतं, कारण रविवारी सकाळी दाराची बेल वाजली आणि हेडसर आत आले.

ते राजेच्या समोर बसले. ज्या माणसाने दोन वर्षं या पोराला आळसाचा नमुना म्हणून इमारतभर फिरवलं होतं, त्याने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "वाईट झालं रे," हेडसर म्हणाले. "मी पाहायचो ना, रात्र रात्र तुझा दिवा जळत असायचा. कष्टाचं चीज होत नाही कधी कधी. तुझा काही दोष नाही यात. ऐकतोयस ना? तुझा काही दोष नाही."

मग काकू आल्या, डोळ्यांना पदर लावूनच. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं आलं. ज्यांनी राजेशी कधी एक शब्द बोलण्याची तसदी घेतली नव्हती ते सगळे आले, आणि ज्या खोलीत चार माणसांना बसायला जागा नव्हती तिथे दहा-बारा जण दाटीवाटीने बसले. फरशीवाला मिस्त्रीही आला, हाताचं सिमेंट धुऊन.

"साहेब, फार वाईट वाटलं," मिस्त्री दारातूनच म्हणाला. "माझंही तसंच झालंय. आता दिवसा ठोकायला मिळणार, म्हणजे तीन दिवसांत काम खलास. पुढचं अजून नाही." हे सांत्वन होतं की तक्रार ते कुणालाच कळलं नाही, पण त्याला बसायला जागा करून दिली गेली.

काकूंचा भाचाही आला. गडबडीत काकू त्याला 'येऊ नको' म्हणून कळवायला विसरल्या होत्या. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी. तो राजेच्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "बरंच झालं म्हणायचं. मी लागल्यावर बंद पडली असती, तर सगळे म्हणाले असते माझ्याच पायगुणाने पडली."

राजेला हसू आलं. हसता हसताच, सगळ्यांच्या देखत, तो रडू लागला. साधंसुधं नाही. खांदे हलवून, तोंड झाकून, लहान मुलासारखा. आई धावली, काकूंनी पाठीवर हात फिरवला, हेडसर म्हणाले, "रडू द्या त्याला. धक्का आहे."

आईला वाटलं, पोरगा नाटक छान करतोय. क्षणभरच वाटलं, मग तिच्या लक्षात आलं. नोकरी गेली तर तिला तारीख असते. त्या दिवशी लोक येतात, हात धरतात, तुझा दोष नाही म्हणतात. नोकरी न मिळण्याला तारीख नसते. रोज थोडी थोडी मिळत नाही ती. मग लोकांनी भेटायला यायचं तरी कोणत्या दिवशी? दोन वर्षांपूर्वी, तीन वर्षांपूर्वी कधीतरी यायला हवे होते ते सगळे आज आले होते, चुकीच्या कारणासाठी का होईना. राजे त्या सगळ्या दिवसांचं एकदम रडून घेत होता.

बाबा कोपऱ्यात उभे होते. त्यांनी लोकांना पाणी दिलं, लोकांचं 'वाईट झालं' मान खाली घालून ऐकून घेतलं आणि एक एक करून सगळ्यांना दारापर्यंत सोडून आले. शेवटी काकू भाच्याला घेऊन गेल्या. दार लागलं. घरात तिघंच उरले.

"त्याला सांग..." बाबा सवयीने म्हणाले.

आईने दोघांकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच निरोप घ्यायचं नाकारलं होतं. बाबा थोडा वेळ त्या दाराकडे पाहत राहिले. मग राजेसमोरच्या खुर्चीत येऊन बसले.

"बाबा, मला एक सांगायचंय," राजे म्हणाला. त्याने ठरवलं होतं. रडून झाल्यावर माणसाला जी थोडी हिंमत येते ती त्याला आली होती.

"मला आधी बोलू दे, नाहीतर राहून जाईल," बाबा म्हणाले. "मी तुला काय काय बोललो, माहितीये मला. तुझ्या आईला सांगायचो, पण तुला ऐकू जावं म्हणूनच सांगायचो. हा कुठला रात्र रात्र जागून काम करायला, असं वाटायचं मला. चुकलो." त्यांनी घसा खाकरला. "काय काम असायचं रे तिथे? मी कधी विचारलंच नाही."

कंपनीचा देश ठरला होता, वेळ ठरली होती, बंद पडायचा दिवसही ठरला होता. एवढ्या एका प्रश्नाचं खोटं उत्तर मात्र कुणी तयार केलं नव्हतं.

"जागायचं," राजे म्हणाला. "दिवा लावायचा आणि रात्रभर जागायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

बाबांनी बराच वेळ मान हलवली. "अवघड आहे," ते म्हणाले. "हसू नकोस, मला माहितीये ते काम. तुझ्याआधी मीच करायचो. तू आत झोपायचास आणि मी बाहेर छताकडे बघत पडायचो. ह्याचं कसं होणार, आपल्यामागे ह्याचं कसं होणार. सकाळी कात्री हातात घेतली की हात थरथरायचा. दोनदा कापड वाया घालवलं मी, घरी कधी सांगितलं नाही." ते ओशाळून हसले. "तुझी रात्रपाळी लागली आणि मला झोप लागायला लागली. अशी, गाढ. पोरगा जागा आहे, आता आपण झोपलो तर चालेल, असं वाटायचं."

राजेच्या ओठाशी आलेलं खरं तिथेच थांबलं. ते आता सांगितलं असतं, तर बाबांची पुढच्या रात्रींची झोप गेलीच होती, मागच्या रात्रींचीही गेली असती.

"तू काय सांगणार होतास?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. चहात साखर जास्त व्हायची."

"मग सांगायचं नाही का तेव्हाच!" बाबा म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून ते उठले. जाता जाता त्यांनी राजेच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका कुठे ठेवायचा ते न कळून जरा मानेजवळच ठेवला. "दुसरी बघ. घाई नाही काही. पण जमलं तर रात्रपाळीचीच बघ."

"बघतो," राजे म्हणाला.

बाबा आत जाऊन राजेच्या पलंगावर आडवे झाले. रविवारची दुपार होती, इमारत शांत होती, झोपायला हरकत नव्हती. थोड्या वेळाने आई त्यांच्या अंगावर चादर घालायला गेली. त्यांचे डोळे उघडे होते, छताकडे लागलेले.